दुखऱ्या आणि अशक्त हातांसाठी बागेची अवजारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या बुडाचे सांधे झिजले आहेत. निदान झालं तेव्हा मला पहिल्यांदा बागेचीच काळजी वाटली. बाग सोडली नाही. एकेक अवजार बदलत गेले, काहींच्या मुठी जाड केल्या, काही देऊन टाकली. हात दुखणारे बागप्रेमी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल यात काही नाही. मूठ, धार, वजन आणि मनगट यांबद्दल मात्र भरपूर आहे.

हात दुखतात. नेमकं कोणतं अवजार घेऊ?

अवजार नंतर. आधी कोणत्या हालचालीत दुखतं ते शोधा. बागेतल्या कामात हात मुख्यतः पाच गोष्टी करतो: चिमटीत धरतो, मूठ आवळतो, मनगट वळवतो, ओझं उचलतो आणि जोर लावून दाबतो किंवा ढकलतो. दोन-तीन दिवस नेहमीसारखंच काम करा आणि कुठे कळ येते ते लगेच कागदावर लिहून ठेवा. संध्याकाळी आठवून लिहिलं तर ‘सगळंच दुखलं’ एवढंच आठवतं.

या नोंदीवरून दिशा ठरते. चिमटीत धरताना अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर जाड मुठीची, सगळ्या पंजाने धरता येणारी अवजारं हवीत. रात्री हाताला मुंग्या येत असतील तर मनगट सरळ राहील अशी अवजारं घ्यायची आणि कंप देणारी यंत्रं टाळायची. बोटं सुजून मूठ पुरती मिटत नसेल तर मऊ आणि थोडी जाड मूठ बरी. दुखत नाही पण जोरच राहिलेला नाही, अशांना लांब दांडा, दातेरी चक्राची (थोड्या थोड्या दाबांत काम करणारी) यंत्रणा आणि हलकं वजन यांचा उपयोग होतो. ‘हाताला आरामदायी’ असं छापलेलं एकच अवजार या चौघांनाही सोयीचं असेल, असं होत नाही. मी सुरुवातीला हीच चूक केली. छापील शब्दावर विश्वास ठेवून घेतलेली खुरपी इतकी जाड निघाली की माझा पंजा तिच्याभोवती पुरायचाच नाही.

अंगठ्याच्या बुडालाच इतकं का दुखतं? मी तर हलकंच काम करते.

चिमूट दिसायला हलकी असते, सांध्याला नाही. अंगठा लांब तरफेसारखा काम करतो. टोकाशी १ किलोचा दाब दिला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. वाळकी फुलं खुडणं, बारीक तण उपटणं, तारेला पीळ देणं, खताच्या डब्याचं झाकण फिरवणं ही सगळी चिमटीची कामं आहेत आणि तीच आपण ‘बसल्या बसल्या’ तासभर करत राहतो. फावडं मारून जितकं दुखत नाही तितकं फुलं खुडून दुखतं, याचं कारण हे आहे. हा सांधा झिजण्याचं प्रमाण पाळी गेल्यानंतरच्या बायकांमध्ये जास्त आहे.

म्हणून माझा नियम असा: जे काम चिमटीतून मुठीत, मुठीतून तळहातावर आणि तळहातावरून कोपर-खांद्यावर सरकवता येईल, ते सरकवायचं. खाली सुचवलेल्या बहुतेक युक्त्या याच नियमातून आल्या आहेत.

मूठ किती जाड असावी?

जोर लावायच्या अवजारांच्या मुठीचा व्यास साधारण ३२ ते ५१ मिलिमीटर असावा, असं हातअवजारांबद्दलची कामगार-आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नाजूक, नेमक्या कामासाठी ८ ते १६ मिलिमीटर पुरतात. मुठीची लांबी किमान १०० मिलिमीटर हवी. त्याहून आखूड असेल तर तिचं टोक तळहाताच्या मधोमध रुततं, आणि तिथेच नसा आणि बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या (कंडरा) असतात.

मोजपट्टी जवळ नसेल तर अवजार सैल मुठीत धरा. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला जेमतेम टेकलं किंवा किंचित त्याच्यावर चढलं, की माप जमलं. बोटांची नखं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मोठी फट राहत असेल तर ती जाड आहे. जाडी वाढवत नेली की आराम वाढतच जातो, असं नसतं. एका मर्यादेनंतर पकड सुटू लागते आणि ती टिकवायला उलट जास्त आवळावं लागतं.

बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठींपासून सावध राहा. त्या खाचा कोणाच्या तरी हाताच्या मापाने पाडलेल्या असतात. आपली बोटं त्यात बसली नाहीत तर प्रत्येक उंचवटा पेरांना टोचतो. सुजलेल्या पेरांना तर फारच.

जुन्याच अवजाराची मूठ घरी जाड करता येते का?

येते, आणि आधी तेच करून पाहावं. गरम पाण्याच्या नळाभोवती घालतात ती फोमची पोकळ नळी हव्या त्या लांबीला कापून मुठीवर चढवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. सायकलच्या हँडलची रबरी मूठ बारीक दांड्यावर छान बसते. रॅकेटला गुंडाळायची पट्टी, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर सुती कापडाची पट्टी तिरकी गुंडाळली तरी काम होतं. कापड ओलं झालं की सरकतं, म्हणून त्यावर रबराचा एक थर द्यावा.

फोम दोन-तीन महिन्यांत चेपतो. चेपला की बदला.

पिस्तुलासारखी उभी मूठ असलेली खुरपी खरंच उपयोगी पडते का, की नुसतं दिखाऊ असतं?

ज्यांचं मनगट दुखतं त्यांना खरंच पडते. एक प्रयोग करून बघा. मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. जोर लागतच नाही. आता मनगट सरळ किंवा किंचित मागे ठेवून आवळा. हात तोच, पण पकड कितीतरी बळकट. वाकलेल्या मनगटात बोटांच्या दोऱ्या सैल पडतात आणि तीच कसर भरून काढायला आपण जास्त आवळतो.

साध्या सरळ दांड्याच्या खुरपीने जमिनीलगत काम करताना मनगट करंगळीच्या बाजूला झुकतं. उभ्या मुठीच्या खुरपीत पातं आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतात, मनगट सरळ राहतं आणि जोर कोपरातून येतो. काहींना मागे एक आडवी दांडी आणि हातावर बसणारी पट्टी जोडता येते. मग मूठ नुसती टेकवायची, भार हातावर. ज्यांची पकड अगदीच गेली आहे त्यांच्यासाठी ही जोडणी मोलाची आहे.

पण ही खुरपी सगळीकडे चालत नाही. टेबलावर ठेवलेल्या उंच कुंडीत सरळ खाली खणायचं असेल तर तिच्यासाठी कोपर खांद्याच्या वर न्यावं लागतं. तिथे साधीच खुरपी मुठीत उलटी धरावी, पातं करंगळीच्या बाजूने खाली येईल अशी. अंगठ्याला काही करावंच लागत नाही.

छाटणीसाठी सिकेटर कोणतं घ्यावं?

सिकेटर म्हणजे एका हाताने फांद्या छाटायची कातर. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. सिकेटरमुळे हात जितके बिघडतात तितके दुसऱ्या कुठल्याच अवजाराने बिघडत नाहीत, म्हणून उत्तरही लांबच देते.

पाती दोन प्रकारची असतात. एकात कात्रीसारखं एक पातं दुसऱ्याच्या बाजूने सरकत जातं. याने हिरवी, जिवंत फांदी स्वच्छ कापली जाते. दुसऱ्यात धारदार पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन टेकतं, विळीवर भाजी चिरावी तसं नव्हे, तर पाटावर सुरी टेकावी तसं. हे वाळक्या, टणक काड्यांना बरं, हिरवी फांदी मात्र थोडी चेंगरते. तुमचं बरंचसं काम हिरव्या फांद्यांचं असेल तर पहिला प्रकार घ्या.

हातात जोरच कमी असेल तर दातेरी चक्राचं सिकेटर बघा. त्यात एका दमात फांदी कापावी लागत नाही. थोडं दाबायचं, सोडायचं, पातं आहे तिथेच अडकून राहतं आणि पुढच्या दाबाला आणखी आत जातं. तीन-चार दाबांत फांदी पडते. वेळ जास्त लागतो, पण एका वेळी लागणारा जोर बराच कमी होतो. याची एक अडचण आधीच सांगते: यातली बरीच सिकेटरं खूप रुंद उघडतात. पंजा लहान असेल तर बोटं दांड्यापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून कुठलंही सिकेटर घेताना उघडझाप मोजा. दोन दांड्यांमधलं अंतर पूर्ण उघडल्यावर ९० मिलिमीटरच्या आत हवं आणि मिटल्यावर ५० मिलिमीटरच्या आसपास, त्याहून फार कमी नको. बोटं फार ताणलेली किंवा फार मिटलेली असली की त्यांच्यात जोर नसतो.

काही सिकेटरांचा खालचा दांडा दाबताना स्वतःभोवती फिरतो. साध्या सिकेटरात तो दांडा बोटांवरून घासत जातो, यात बोटांबरोबर फिरतो. दिवसभर छाटणी करणाऱ्यांच्या बोटांना यामुळे आराम मिळतो. काहींना मात्र फिरता दांडा हातात डळमळीत वाटतो. हातात घेऊन पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

दोन गोष्टी सहसा कोणी बघत नाही. एक, स्प्रिंग. ती फार कडक असेल तर प्रत्येक वेळी फांदीबरोबर स्प्रिंगशीही झगडावं लागतं. दुसरी, सिकेटर मिटून ठेवणारा खटका. तो अंगठ्याच्या टोकाने दाबून सरकवायचा असेल तर अंगठ्याचा सांधा दुखणाऱ्याला दर वेळी एक कळ सोसावी लागते. तळहाताने किंवा दुसऱ्या हाताने उघडणारा खटका शोधा.

कापायची पद्धतही महत्त्वाची. फांदी पात्याच्या टोकाशी न धरता दोन पाती जोडणाऱ्या खिळ्याजवळ, अगदी खोल बुडाशी घ्या. तरफेचा नियम आहे, तिथे सगळ्यात कमी जोर लागतो. फांदी कापली जात नसली की आपण मनगट इकडेतिकडे पिळतो. ते करू नका, त्यात पातंही वाकतं आणि मनगटही. बोटाहून जाड फांदी असेल तर सिकेटर खाली ठेवा आणि लांब दांड्यांची दोन हातांची कातर किंवा छोटी करवत घ्या. ओढताना कापणारी करवत हाताला सोपी जाते.

नवं घेण्याआधी जुन्यालाच धार लावली तर?

आधी तेच करा. बोथट पातं हे हात दुखण्याचं सगळ्यात स्वस्तात सुटणारं कारण आहे. कितीतरी जण ‘आता जोर राहिला नाही’ म्हणतात आणि त्यांच्या सिकेटरला वर्षानुवर्षं धार लागलेली नसते.

कात्रीसारख्या सिकेटरचं धारेचं पातं एकाच बाजूने उतरतं असतं. धार त्याच बाजूला, मुळातला उतार धरूनच लावायची. हिऱ्याची बारीक कानस किंवा धार लावायचा दगड बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने फिरवा. सपाट बाजूला धातूची जी बारीक, खरखरीत कड उठते ती एकदा दगड आडवा ठेवून हलकेच काढून टाका. त्या बाजूला उतार पाडलात तर दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापण्याऐवजी अडकते. मग खिळ्याशी तेलाचा थेंब. पात्यावरचा चीक दर वेळी पुसला तर निम्मं काम तिथेच होतं, कारण चिकट पातं बोथट पात्याइतकंच जड चालतं. पुसायला ७० टक्के अल्कोहोल वापरलं तर रोगट झाडाचा संसर्ग दुसऱ्या झाडाकडे जाण्याचा धोकाही कमी होतो.

कानस चिमटीत धरवत नसेल तर सिकेटर शिकंजात (वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीत) आवळा, कानशीला जाड मूठ बसवा आणि दोन्ही हात वापरा. नाहीच जमलं तर दुसऱ्याकडून लावून घ्या. खुरपी आणि फावड्यालाही धार लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बॅटरीवर चालणारं सिकेटर घ्यावं का?

भरपूर छाटणी असेल आणि हातात जोर अगदी कमी असेल तर ते वरदान आहे. एका बोटाने खटका दाबायचा, बाकी काम मोटर करते. पण त्याआधी त्याचं वजन हातात तोलून बघा. साध्या सिकेटरपेक्षा ते चांगलंच जड असतं आणि मनगट दुखणाऱ्याला ते वजनच त्रास देतं. बॅटरी कमरपट्ट्यावर असलेला प्रकार हाताला हलका पडतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. हे यंत्र फांदी आणि बोट यांत फरक करत नाही. तुमच्या दुसऱ्या हाताला बधिरपणा असेल, हात थरथरत असेल किंवा खटक्यावरचं बोट वेळेवर सुटत नसेल, तर हे यंत्र घेऊ नका. बाकीच्यांनीही दुसरा हात फांदीवर पात्यापासून वीतभर तरी लांब ठेवावा.

झुडपं कापायच्या किंवा गवत कापायच्या मोटरच्या यंत्रांचा कंप हातातल्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतो. गारठ्यात ज्यांची बोटं पांढरी पडतात, त्यांनी ही यंत्रं वापरूच नयेत, असं मला वाटतं.

तण उपटताना बोटं आखडतात. काय करू?

कोरड्या मातीतून तण उपटू नका. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी मुळासकट निघतं. दोन पानांवर असतानाच हलवलं तर उपटावंच लागत नाही. उभ्याने ढकलायचं-ओढायचं, घोड्याच्या रिकिबीसारखं (पाय ठेवायच्या कडीसारखं) पातं असलेलं कोळपं मातीच्या अर्धा-एक इंच खालून फिरवलं की कोवळं तण कापलं जातं. दांडा छातीइतका उंच असावा आणि तो आवळून न धरता तळहातांनी ढकलावा. खोल मुळाच्या तणासाठी पायाने दाबायचा, उभ्याने उपटायचा चिमटा मिळतो. त्यात बोटांचं काहीच काम नसतं.

आणि सगळ्यात चांगलं म्हणजे तण उगवूच न देणं. मोकळ्या मातीवर ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं वाळक्या पाल्याचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन घाला, खोडाभोवती थोडी जागा सोडून. मी हे सुरू केल्यापासून खुरपणी निम्म्याहून कमी झाली.

झारी उचलवत नाही.

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १० लिटरची झारी भरली की झारीचं वजन धरून १० किलोच्या वर जातं, आणि ते सगळं चार बोटांवर लटकतं. लहान झारी घ्या किंवा मोठी अर्धीच भरा. वरून आणि मागून अशा दोन मुठी असलेली झारी दोन्ही हातांनी तोलता येते.

पाइप असेल तर दाबून धरायच्या पिस्तुलासारख्या फवाऱ्याऐवजी अंगठ्याने सरकवायचा किंवा फिरवून सोडून द्यायचा नोझल लावा, ज्यात पाणी चालू ठेवायला हात आवळून ठेवावा लागत नाही. फवाऱ्याला लॉक असेल तरी चालतं. लांब नळीच्या टोकाला झारा असलेली काठी उंच टांगलेल्या आणि लांबच्या कुंड्यांना बरी. नळाची गोल चावी काढून तरफेची बसवली तर ती हाताच्या कडेने, अगदी कोपरानेही उघडता येते.

ज्यांना रोजच पाणी घालणं जड जातं, त्यांनी ठिबक आणि टायमर लावावा. तो आळस आहे असं मानणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही. हातात जो थोडका जोर उरला आहे, तो आवडीच्या कामासाठी ठेवावा.

औषध फवारायची बाटली, जी दर फवाऱ्याला बोटाने दाबावी लागते, ती बाजूला ठेवा. आधी हवा भरून घ्यायचा छोटा पंप किंवा बॅटरीचा पंप वापरा.

कुंड्या आणि माती हलवताना मनगट जातं.

ओली माती फार जड असते, म्हणून कुंडी हलवायची असेल तर पाणी घालण्याआधी. मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांचं प्रमाण वाढवलं, मातीच्या कुंडीऐवजी प्लास्टिकची किंवा कापडी पिशवीची कुंडी घेतली, की वजन लक्षणीय उतरतं. मोठ्या कुंड्या पहिल्याच दिवशी चाकांच्या पाटावर ठेवा. नंतर उचलून ठेवू म्हटलं की ते कधीच होत नाही.

उचलताना कड बोटांत धरू नका. दोन्ही तळहात खाली घाला आणि कुंडी अंगाशी धरा. मातीचं पोतं उचलण्यापेक्षा ताडपत्रीवर घालून ओढा आणि ओढायची दोरी बोटांत न धरता कोपराच्या वर किंवा कमरेला अडकवा. एकचाकी ढकलगाडीला तोल सांभाळायला घट्ट पकड लागते. दोन किंवा चार चाकांची गाडी बरी.

हातमोजे घातले की पकड जाते. न घालता चालेल?

मोजे जाड असतील तर पकड जाते हे खरं आहे. आपण नकळत जास्त आवळतो आणि हात लवकर दमतो. म्हणून अंगाबरोबर बसणारे, पाठीला विणलेले आणि तळव्याला नायट्राइल किंवा रबराचा पातळ लेप असलेले मोजे घ्या. लेप पकडीला मदत करतो. सुजलेल्या बोटांत मोजा ओढून घालणं हेच दुखणं असेल तर एक माप मोठा किंवा मनगटाला चिकटपट्टीने उघडणारा घ्या.

मोज्यांशिवाय काम करू नका. बोटांत बधिरपणा असेल तर काटा गेलेला कळत नाही. आमवाताची, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताची, काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे साध्या ओरखड्यातूनही जंतुसंसर्ग वाढू शकतो. गुलाबाच्या काट्यातून त्वचेची बुरशी होते, ही ऐकीव गोष्ट नाही. धनुर्वाताच्या लशीचा बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा असतो, तुमचा कधी झाला ते बघून ठेवा.

बारीक बी चिमटीत धरवत नाही.

बी कोरड्या वाळूत मिसळा आणि मिठाच्या डबीतून पेरा. घडी घातलेल्या कागदाच्या पन्हाळीतून बी टकटक करत सोडता येतं. ओल्या पेन्सिलीच्या टोकाला एकेक बी चिकटतं. पेन्सिलीला जाड रबर चढवलं की झालं. मोठ्या बिया उभ्याने पेरायच्या असतील तर प्लास्टिकचा लांब पाइप मातीत टेकवून वरून बी सोडा. रोपवाटिकेतून तयार रोपं आणणं हाही चांगला मार्ग आहे.

आधाराला बांधताना गाठ मारता येत नाही.

गाठ मारूच नका. कापता येणारी चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रोसारखी बागेची पट्टी, किंवा दाबून उघडणारे मोठे क्लिप वापरा. क्लिपची स्प्रिंग मऊ आहे का ते आधी तपासा.

एकच हात चालतो. तरी बाग जमेल?

जमते. पक्षाघातानंतर एका हाताने बाग करणारे अनेक जण आहेत. दुसरा हात जे काम करतो ते म्हणजे धरून ठेवणं. ते काम वस्तूकडे द्या. कुंडीखाली न घसरणारी रबरी चटई घाला, रोपाची पिशवी एका जड भांड्यात उभी करा, लाकूड शिकंजात धरा. कापलेली फुलाची दांडी पात्यातच धरून ठेवणारं सिकेटर मिळतं, म्हणजे फूल खाली पडत नाही आणि दुसरा हात लागत नाही. गवत कापायची एका हाताची कातरही मिळते. डावखुऱ्यांनी किंवा आता डाव्या हातावर आलेल्यांनी डाव्या हाताचं सिकेटर मागून घ्यावं. उजव्या हाताचं डाव्या हाताने चालवलं की पातं नेमकं कुठे कापतंय ते दिसत नाही.

अशक्त हात पूर्ण सोडून देऊ नका. तो कुंडीवर नुसता टेकवून ठेवला तरी कामात राहतो. किती आणि कसा वापरावा हे तुमच्या फिजिओथेरपिस्टला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा.

हात थरथरतो.

अवजाराला मनगटपट्टा लावा म्हणजे सुटलं तरी पायावर पडत नाही. कोपर टेबलावर किंवा वाफ्याच्या कडेवर टेकवून काम करा. थोडी जड मूठ काही जणांचा कंप कमी करते, काहींना उलट दमवते. दोन दिवस वापरून बघितल्याशिवाय ठरवू नका. उघड्या धारेची अवजारं कमी करा, म्यान असलेली ठेवा.

वाफा किती उंच असावा?

उभ्याने काम करायचं तर साधारण कमरेइतका, ८५ ते ९० सेंटिमीटर. खुर्चीवर किंवा चाकाच्या खुर्चीवर बसून करायचं तर ६० ते ७५ सेंटिमीटर. एकाच बाजूने हात घालता येत असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी येत असेल तर १२० चालते. हात लांब ताणून काम केलं की मनगट आपोआप वाकतं, म्हणून रुंदी उंचीइतकीच महत्त्वाची आहे.

किती वेळ काम करावं, आणि कधी?

आमवातात सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त, कधी तासाहूनही जास्त टिकतो. झिजेच्या संधिवातात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. ताठर हातांनी बागेत उतरू नका. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात ठेवा, बोटं सावकाश उघडा-मिटा, मग जा.

एकच काम सलग करू नका. मी स्वयंपाकघरातला गजर बरोबर नेते. २० मिनिटं छाटणी, मग पाइपने पाणी, मग बसून पाला गोळा करणं. गजर वाजला की ‘एवढी एकच फांदी’ म्हणायचं नाही. हे मला जमायला खूप दिवस लागले.

जास्त झालं का हे कसं ओळखायचं? काम थांबवल्यानंतर दोन तासांनीही दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर जास्त झालं. पुढच्या वेळी वेळ कमी करा किंवा अवजार बदला.

अंगठ्याला पट्टा बांधून काम केलं तर?

अंगठ्याच्या बुडाला आधार देणाऱ्या पट्ट्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. मलाही पडतो. फक्त तो मापाचा हवा आणि तो बांधला म्हणून दुप्पट काम करायचं नाही. माती लागलेला ओला पट्टा अंगावर ठेवू नका, त्वचा सोलवटते.

डॉक्टरकडे कधी जायचं?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते, वस्तू हातातून निसटतात: हे मनगटातली नस दाबली जात असल्याचं लक्षण असू शकतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर अजिबात थांबू नका. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडत असेल, तरीही दाखवा. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर हे हातदुखीचं प्रकरण नाही. त्याच क्षणी रुग्णालयात जायचं.

दुकानात अवजार कसं पारखायचं?

हातमोजे बरोबर न्या आणि ते घालून अवजार धरा. सिकेटर २० वेळा उघडा-मिटा. पहिल्या पाच वेळा सगळीच चांगली वाटतात. खुरपी हात सरळ पुढे करून मिनिटभर धरा. मनगट खाली झुकलं तर ती तुम्हाला जड आहे. खटका एका हाताने, त्याच्याकडे न बघता उघडतो का ते पाहा. सुटा भाग बदलून मिळतो का, पातं काढून धार लावता येते का, हेही विचारा. आणि शक्य असेल तर ज्या दिवशी हात बरे आहेत त्या दिवशी नव्हे, दुखत असतील त्या दिवशी जा.

नवं अवजार घेतलं, पण हात जुन्याकडेच वळतो.

वळणारच. माझ्या जुन्या खुरपीचा दांडा माझ्या हाताने झिजून गुळगुळीत झाला होता आणि उभ्या मुठीची नवी खुरपी पहिले काही दिवस परक्याच्या हातासारखी वाटत होती. तिच्याने ओळ वाकडी जायची, माती नको तिथे उडायची. शेवटी जुनी खुरपी मी मुद्दाम उंच फळीवर ठेवली, जिथून ती काढायला स्टूल लागेल. साधारण तीन आठवड्यांनी लक्षात आलं की संध्याकाळी हाताला मलम लावायचं मी विसरले होते.